अक्का, कांडप यंत्र घेऊ दिलं नाहीत त्याबद्दल

अक्का, नमस्कार.

शेंगाचटणीचा धंदा म्हटलं की पहिला खर्च कांडप यंत्राचा, असंच सगळ्या धरून चालतात. तुम्ही तिथंच अडवलंत. कांडप किलोच्या भावानं बाहेरून करून घ्या म्हणालात, यंत्र रोज चालेल एवढी मागणी आली की मग बघू.

वहीत मांडून दाखवलात तो हिशेब तर प्रत्येकीनं भिंतीला लावावा असा. 10 दुकानं, प्रत्येकी 250 ग्रॅमची 20 पाकिटं, म्हणजे 50 किलो चटणी नुसती फळीवर. पैसे पुढच्या फेरीला. तोवर पुढच्या मालाचे दाणे, लसूण, तिखट कशातून आणायचं? सरकारच्या मुद्रा योजनेतलं शिशु नावाचं छोटं कर्ज 50,000 रुपयांपर्यंत विनातारण मिळतं खरं, पण हप्ता काही दुकानदाराची वाट बघत नाही. म्हणून उधारीची दुकानं दोनच, बाकी ओळखीतलं रोखीचं गिऱ्हाईक. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत तर सगळी रोखच.

दाण्याचं पोतं घेताना वरची मूठ बघू नका, तळातली काढायला लावा, हेही तुमचंच. चार दाणे चावून बघायचे. खवट निघाले तर स्वस्त पोतंसुद्धा महाग. आणि 1 किलो दाण्याची 1 किलो चटणी धरायची नाही. भाजताना ओल जाते, फोलपटं जातात, निवडीत काळे आणि बुरशीचे दाणे जातात. आधी 2 किलोचा घाणा करून तयार चटणी तोलायची, मगच भाव ठरवायचा.

मिक्सर नको, कारण पातं तापतं आणि दाण्याचा लगदा होतो. कांडलं की तेल सुटतं, तरी चटणी भरड राहते. कच्च्या लसणाची ओल राहिली की माल लवकर बिघडतो. चटणी गरम भरली की पिशवीला आतून घाम येतो. सील मात्र दुसऱ्याच कारणानं सुटतं: पिशवीच्या तोंडाला तेल लागलेलं असतं. सील करायच्या यंत्राला दोष देण्याआधी रुंद तोंडाचं नरसाळं घ्या, हा सल्ला किती स्वस्तात पडला!

उद्यम नोंदणीला, म्हणजे छोट्या धंद्याच्या सरकारी नोंदणीला, शुल्क नाही, आधार आणि पॅनवर स्वतःच भरता येते, हेही तुम्हीच सांगितलंत. एजंटाला जाणारे पैसे वाचले, ते पिशव्या आणि लेबलांना लागले.

तुमच्या,
बचत गटातल्या आम्ही सगळ्या
सोलापूर