टाके निघाले, पण धोका?

तावडे हॉटेल ते शिरोलीदरम्यान दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागलेला माणूस घरी येतो, टाके निघतात आणि घरचे म्हणतात, ‘सुटलो बुवा एकदाचे!’ पण मेंदूला इजा झालेल्यांना पुढे पक्षाघाताचा धोका वाढतो, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. तैवानमधील २०११ च्या अभ्यासात पहिल्या तीन महिन्यांत हा धोका इतरांच्या सुमारे दहापट आढळला. कवटीचे हाड मोडलेल्यांत त्याहूनही जास्त. रक्तदाब, मधुमेह, हृदयाचे अनियमित ठोके यांनी त्यात भर पडते. (तंबाखूचे तर बोलायलाच नको!) मानेतील रक्तवाहिनी आतून फाटली, तर तेथे झालेली गुठळी मेंदूत जाऊ शकते. म्हणून अपघातानंतर मान दुखत राहिली तर ‘मुका मार’ समजून बाम चोळत बसू नये.

तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, तर थेट मोठे रुग्णालय गाठावे आणि अपघाताची फाइल सोबत न्यावी. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन ही लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मात्र गेल्या तीन महिन्यांत डोक्याला गंभीर इजा झाली असेल तर ते सहसा देत नाहीत. डिस्चार्ज कार्डावर एवढ्या चार ओळी मराठीत छापायला रुग्णालयांना कितीसा खर्च येणार?

– एक वाचक, कसबा बावडा, कोल्हापूर