पदांबरोबर संशोधनाची सवयही हवी

दिव्यांग मुलांना शिकवणाऱ्या विशेष शिक्षकांच्या रिक्त पदांवरील आपला अग्रलेख वाचला. ती पदे भरण्याची मागणी रास्त असली, तरी केवळ पदे भरून भागणार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधील निर्देशानंतर केंद्र सरकारने २०२२ मध्ये प्राथमिक स्तरावर १० दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण ठरवून दिले. मात्र एकाच निदानाची दोन मुलेही सारखी शिकत नाहीत, म्हणून पद्धत बदलण्यापूर्वी काही दिवस नोंदी ठेवणे, एका वेळी एकच बदल करणे आणि त्याचा परिणाम आलेखावर तपासणे, एवढे कृतिसंशोधन विशेष शिक्षक होऊ पाहणाऱ्या प्रत्येक प्रशिक्षणार्थीला यायलाच हवे. प्रत्यक्षात अशा संशोधनाची प्रकल्पवही बहुधा जुन्या वहीवरून उतरवली जाते (मीही तेच केले होते). वाशीतील महापालिकेच्या ईटीसी या दिव्यांगांसाठीच्या शिक्षण-प्रशिक्षण केंद्रासारख्या ठिकाणी प्रशिक्षणार्थींनी सत्रभर एकाच मुलाचा असा अभ्यास करावा आणि गुण त्या नोंदींनाच द्यावेत.

– एक निवृत्त विशेष शिक्षिका, खारघर, नवी मुंबई