तिकिटं जुलैची नाही, एप्रिलची काढलीत

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

फोनवर सांगितलं असतं तर बाबा "बरं बरं, पाहू" म्हणून फोन आईकडे देणार आणि आई दादाकडे, म्हणून लिहूनच पाठवतेय. चष्मा लावून दोघांनी सोबत वाचा. तर तुमची माझ्याकडे माल्टाला यायची तिकिटं काढली. आपलं बोलणं झालं होतं तशी जुलैची नाही. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात निघायचं, जूनच्या पहिल्या आठवड्यात परत. अक्षय तृतीया आटोपूनच निघताय, आजीचं पान चुकणार नाही, आधी कॅलेंडर पाहिलं आणि मगच पैसे भरले.

मला माहितीये बाबा काय म्हणणार. अकोल्याच्या ४५ मध्ये सायकलवर ऑफिसला जाणाऱ्या माणसाला तू ३२ ची भीती दाखवते का? हो, दाखवते. माल्टात जुलै-ऑगस्टला दुपारी साधारण ३१-३२ असतं, पेपरात वाचलं तर हिल स्टेशन वाटेल. पण आपल्याकडचं ऊन कोरडं असतं बाबा, घाम आला की वाळतो, बारा ते पाच दारं लावून कूलरसमोर पडलं की माणूस निभावतो. इथे चारी बाजूंनी समुद्र, घाम वाळतच नाही, नुसता चिकचिकाट. कूलर आणा म्हणाल तर तो दमट हवेत काही कामाचा नाही, उलट आणखी ओल. त्यात तो शलोक्क वारा, सहारा वाळवंटातून निघतो, वाटेत समुद्रावरचं बाष्प घेतो आणि आमच्या बाल्कनीत येऊन बसतो. घरं सगळी पिवळ्या चुनखडीच्या दगडाची. जूनपर्यंत आत गार वाटतं, पण ऑगस्टपर्यंत दगड इतका तापलेला असतो की रात्री दहालासुद्धा भिंतीला हात लावला तर कोमट लागते, आणि आमचा फ्लॅट सगळ्यात वरचा. एसी फक्त बेडरूमला. २०२३ च्या जुलैत उष्णतेची लाट आली तेव्हा जमिनीखालच्या केबलीच खराब झाल्या आणि बेटावर ठिकठिकाणी कितीतरी दिवस लाइट जात होती. आणि ३२ म्हणजे नेहमीचं बरं का, १९९९ च्या ऑगस्टमध्ये इथे ४३.८ पण झालेलं आहे.

त्यात बाबा, तुमची ती पाण्याची गोळी, अंगातलं पाणी लघवीवाटे काढणारी. डॉक्टर घाम आणि सोडियमबद्दल काय म्हणाले होते ते आईला तोंडपाठ आहे. खामगावच्या मांडवात काय झालं ते मी इथे लिहीत नाही, पण विसरलेली पण नाही.

बरं, थंडीत का नाही, तर आत्ता मी दोन स्वेटर घालून लिहितेय. आज इथे सुट्टी आहे, १० फेब्रुवारी, संत पॉलचं जहाज वादळात या बेटावर फुटलं त्याचा सण. बाहेर १५ असतं पण घरात हीटिंग नाही, भिंतींना ओल, कपडे वाळत नाहीत, आईचे गुडघे पहिल्या दिवशीच संप करतील. ऑक्टोबर खरं तर चांगला, समुद्र पण गरम असतो, पण तुम्ही दोघं पोहणार आहात का? आणि तेव्हा विजा-पाऊस सुरू होतो, शिवाय नवरात्रात आई घट सोडून येणार नाही हे मला विचारायची पण गरज नव्हती.

म्हणून मे. दुपारी २४ च्या आसपास, रात्री १५-१६, पाऊस जवळजवळ नाहीच. रानात अजून थोडं हिरवं असतं, जूननंतर सगळं बेट भाजलेल्या भाकरीसारखं होतं. जुलैत पर्यटकांची इतकी गर्दी की बस भरलेली असली तर थांबतच नाही, भर उन्हात पुढचीची वाट पाहायची. आणि गावोगावच्या जत्रा, सकाळी आठपासून बाँब फुटल्यासारखे बार उडवतात. रोषणाई आईला आवडली असती हे खरं, पण ते बार नको बाबांना.

बाबांसाठी एक लालूच ठेवलीये. पाओला गावात हायपोजियम आहे, म्हणजे जमिनीखाली खोदलेली हजारो वर्षांपूर्वीची दफनभूमी, आत एका वेळी दहाच लोक सोडतात म्हणून तिकीट महिनोन्महिने आधी काढावं लागतं. मेचं मिळालं. शेजारच्या गोझो बेटावरचं जिगंतिया पण पाहू, ती दगडी मंदिरं इजिप्तच्या पिरॅमिडच्या आधीची आहेत, तिथे सावली अशी काही नाही, तेव्हा जुलैत मी तुम्हाला नेलंच नसतं. बोट पंचवीस मिनिटांची आहे, आई, मळमळ होणार नाही, तरी आवळासुपारी आण. इथल्या राजधानीत, व्हॅलेटात, चढ-उतार फार, पण किल्ल्याच्या तटावरून खाली बंदराकडे जायला लिफ्ट आहे, ५८ मीटरची. वर बारा वाजता तोफ उडते तेवढी पाहू, लांबून.

आंब्याचं मला कळतंय. कुरड्या-पापडांचं पण. आई, या वर्षी वाळवण मार्चमध्येच उरकून घे ना, ऊन तेव्हाही कडकच असतं, आणि सगळ्या गल्लीचं नको करू, आपल्यापुरतं. जूनला परत गेल्यावर पाऊस पडायच्या आत थोडेफार आंबे मिळतीलच, मी दादाला सांगून ठेवलंय. चिऊची शाळा मेमध्ये चालू असेल हेही खरं, पण दुपारनंतर ती तुमचीच, आणि जूनमध्ये शाळा अर्धा दिवस होते. जुलैत ती मोकळी असती पण तुम्ही खोलीत एसी लावून कोंडलेले, त्यात काय मजा?

इथे तुमची गैरसोय नाही होणार. तूरडाळ, ज्वारीचं पीठ सगळं मिळतं, गोडा मसाला तेवढा मिळत नाही, तो आण. संडासात जेट स्प्रे बसवून घेतलाय, बाबा, निश्चिंत राहा. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने, रस्ता ओलांडताना गोंधळ नाही. नळाचं बरंचसं पाणी समुद्राचं गोडं करून येतं, चव वेगळी लागते, म्हणून प्यायला बाटल्या आणतो. तुमच्या खोलीला पूर्वेची खिडकी आहे, सकाळचा चहा तिथेच.

परवा रात्री झोप येत नव्हती तर आपली गच्ची आठवली. बाबा संध्याकाळी बादल्यांनी पाणी शिंपडायचे, गाद्या टाकायचे, आणि मधेच उठून माझ्या अंगावरचं ओलं फडकं बदलायचे. मला वाटायचं ते आपोआपच गार राहतं.

बरं, आता नीट ऐका. गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या आणि वर पंधरा दिवसांच्या जास्त, चिठ्ठीसकट, हातातल्या बॅगेत. सामानात टाकायच्या नाहीत. उन्हाळ्यात इथे साडेतीन तास मागे असतं, गोळ्यांच्या वेळा कशा बदलायच्या ते डॉक्टरांना विचारा, स्वतःच्या मनाने एकही कमी-जास्त नाही. विमानतळावर व्हीलचेअर सांगितलीये, "मला काय झालंय" म्हणून नाकारायची नाही, आईसाठी म्हणून बसा. ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स व्हिसालाच लागतो, तो मी काढते, दादाच्या त्या मित्राकडून काढू नका. मामीला तारीख आत्ताच सांगू नका. बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जायचंय, विदर्भ एक्सप्रेसचं लोअर बर्थ बघायला दादाला सांगितलंय.

रागावला असाल तर आईने फोन करावा, बाबांनी दुसऱ्या दिवशी.

तुमची,
बेबी

ता. क. व्हिसाचा फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा, पांढऱ्या बॅकग्राउंडवर, नवीनच काढायचा. बाबा, तो रिटायरमेंटच्या वेळचा चालणार नाही.