कृपा हे बक्षीस नव्हे

महोदय,

दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करणाऱ्या चर्चमधील विधीच्या) तयारीत मुले आज्ञा आणि प्रार्थना पाठ करतात. देवाची कृपा म्हणजे चांगल्या वागणुकीचे बक्षीस, हा समज मात्र तसाच राहतो. अभ्यास नियमांपासून सुरू होतो, म्हणून. सुरुवात बायबलमधील लूक 15:11-32 पासून करावी: घर सोडून पैसा उधळलेला धाकटा मुलगा परततो आणि बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो, ती गोष्ट. सहा-आठ मुलांचा गट, 40 मिनिटे. उतारा दोनदा मोठ्याने वाचावा आणि विचारावे: बाप धावत गेला तेव्हा मुलाने क्षमा मागितली होती का? उत्तर शिक्षकाने देऊ नये, मुलांनी वचनांत शोधावे. या स्वागतावर रागावून घरात न शिरणारा थोरला भाऊ बहुधा वगळला जातो. गुणांच्या शर्यतीतल्या मुलांना तोच जवळचा वाटेल! पुढच्या आठवड्यात बायबलमधीलच इफिसकरांस पत्र 2:8-10: तारण कृपेने होते, कर्मांनी नव्हे. नवव्या वचनावर थांबल्यास सत्कर्मे अनावश्यक वाटू लागतात. आपण सत्कर्मांसाठी निर्माण झालो, असे सांगणारे दहावे वाचलेच पाहिजे.

– एक वाचक, मडगाव