काका, तुम्ही बाबांबद्दल विचारलंत

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

आमच्या घरच्या संगणकात विंडोजच्या शेजारी लिनक्स बसवून दिलंत, पण तुम्ही पैसे घेतले नाहीत, चहासुद्धा घाईघाईत संपवलात आणि मला धड आभारही मानू दिले नाहीत. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. तुमच्या आधी आमच्याशी लोक कसे वागले, तेही चार जणांना कळू दे.

बाबा डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवायचं, काम करतात. लग्नपत्रिका, स्मरणिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, सगळं पेजमेकर आणि श्रीलिपीत. युनिकोडच्या, म्हणजे सगळीकडे सारखंच मराठी दिसण्याच्या सोयीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला तो मजकूर दुसरीकडे उघडला तर मराठी दिसतच नाही, नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं येतात. त्यामुळे विंडोज काढून टाकायचा प्रश्नच नव्हता. मला मात्र एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच पण मोफत मिळणारी दुसरी प्रणाली, हवं होतं, कारण जनुकक्रमावर काम करण्याची बरीच साधनं तिथेच नीट चालतात. आठ जीबी रॅमच्या संगणकात विंडोजच्या आत व्हर्च्युअल मशीन, म्हणजे लिनक्ससाठी आतल्या आत दुसरा आभासी संगणक, सुरू केलं की दोन्ही अडखळतात. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्याही, थांबले आणि आमचं यंत्र विंडोज ११ च्या अटींत बसत नाही. बाबांचं काम विंडोजमध्ये, माझा अभ्यास आणि घरातलं इंटरनेट लिनक्समध्ये, दोन्ही एकाच डब्यात. मागणी एवढीच होती.

पहिल्या दुकानात उत्तर मिळालं, ‘फॉरमॅट मारावं लागेल, डेटाची जबाबदारी आमची नाही.’ दुसऱ्या दुकानाने संगणक ठेवून घेतला. लिनक्सच्या इन्स्टॉलरला हार्ड डिस्क दिसेना, म्हणून त्यांनी बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, काहीतरी बदललं आणि विंडोज सुरू व्हायचंच बंद झालं. निळा पडदा यायचा, यंत्र पुन्हा सुरू व्हायचं, परत निळा पडदा. ‘विंडोज उडालं, आता फॉरमॅटच,’ म्हणाले आणि संगणक तसाच परत दिला. बाबांच्या कित्येक वर्षांच्या फाइली त्यात होत्या. त्या रात्री ते जेवले नाहीत. दुकानदाराला येत नव्हतं याचा राग नाही मला. येत नाही हे न सांगता त्याने दोष यंत्रावर ढकलला आणि एका माणसाला घाबरवून घरी पाठवलं, त्याचा राग आहे, आणि अजून गेलेला नाही.

तुम्ही आलात आणि आधी त्यांनी बदललेली ती एक सेटिंग जागेवर नेलीत. विंडोज उघडलं. सगळ्या फाइली होत्या तिथेच होत्या! डिस्कचा कंट्रोलर रेड या पद्धतीवरून एएचसीआय या दुसऱ्या पद्धतीवर नेताना विंडोजला आधी सेफ मोडमधून, म्हणजे मोजक्याच गोष्टींसह सुरू करून, न्यावं लागतं, नाहीतर त्याला स्वतःचीच डिस्क सापडत नाही, हे तुम्ही बाबांना समजावून सांगितलंत. मला नाही, बाबांना. मग बाहेरच्या डिस्कवर सगळ्याची प्रत काढलीत, आणि त्या प्रतीतल्या कुठल्याही फाइली उघडून बघा म्हणालात. बाबांनी आजीच्या श्राद्धाची पत्रिका उघडली, नीट वाचली आणि मान हलवली. त्यानंतरच तुम्ही पुढे हात लावलात.

बाकीचं कसं केलंत ते इथे लिहीत बसत नाही. दुपारपर्यंत लिनक्स मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) बसलं होतं, मी खूश होते, तुम्ही बॅग आवरत होतात. आणि जाता जाता विचारलंत, ‘सकाळी हा संगणक पहिल्यांदा कोण चालू करतं?’

मी म्हटलं, बाबा.

तुम्ही बॅग खाली ठेवलीत आणि परत खुर्चीत बसलात. सुरू होताना जी यादी येते तिच्यात लिनक्स पहिलं असतं, आणि काहीच दाबलं नाही तर दहा सेकंदांनी तेच उघडतं. बाबांना सकाळी अनोळखी पडदा दिसला असता. परत काहीतरी बिघडलं, असंच त्यांना वाटलं असतं. तुम्ही क्रम फिरवलात. आता बाबा बटण दाबतात, हात धुऊन येतात, तोवर त्यांचं विंडोज नेहमीसारखं समोर असतं. लिनक्स हवं तर ते मी निवडायचं. घड्याळाचंही तसंच. लिनक्स यंत्रातल्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं, त्यामुळे सकाळी साडेदहाला बाबांना पहाटेचे पाच दिसले असते. तेही तुम्ही त्याच बैठकीत मिटवलंत.

हे कोणी तुम्हाला सांगितलं नव्हतं. काम मी मागितलं होतं आणि माझं काम झालंही होतं. पण घरात आणखी एक माणूस आहे, त्याची सकाळ बदलता कामा नये, हे तुमच्या मनात आलं. मला यातलं सगळ्यात मोठं हेच वाटतं. तंत्र पुष्कळांना येतं, शिकलं की मलाही येईल. न बोलणाऱ्या माणसाची काळजी घेणारे मात्र मी फार थोडे पाहिले आहेत. एसटीच्या खिडकीवर म्हाताऱ्याला फॉर्म भरून देणारा कोणी, बँकेत आवाज न चढवता तीच गोष्ट पुन्हा सांगणारी कोणी. अशा माणसांच्या जोरावर आपलं रोजचं जगणं चाललेलं असतं आणि त्यांची नावंही आपल्याला माहीत नसतात.

इन्स्टॉलरच्या भाषांच्या यादीत ‘मराठी’ दिसलं तेव्हाही मला हेच वाटलं. १९९१ मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केलेलं काम इथवर पोचलं, आणि त्यातले मेनू कोणीतरी आपल्या भाषेत आणून ठेवले. त्यांनाही या पत्रातून नमस्कार.

माझा प्रकल्प वेळेत चालला आहे. बाबा विंडोजमध्ये आता इंटरनेट उघडत नाहीत, तुम्ही सांगितलंत तसंच. लॅबमधल्या जुन्या संगणकांवर लिनक्स चढवायचं आहे पण हाताशी कोणी नाही, असं तुम्ही बोलता बोलता म्हणाला होतात. परीक्षा संपली की मी येते. प्रती काढायचं आणि त्या तपासायचं काम माझ्याकडे द्या.

तुमची विद्यार्थिनी