अण्णा, तुम्ही फोनवर विचारलेल्या प्रश्नाबद्दल

अंबाजोगाई

तीर्थरूप अण्णा आणि आईस शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी अण्णा फोनवर जे बोलले त्याचं उत्तर राहून गेलं. मी वॉर्डात होते, भोवती नातेवाईक उभे होते, आणि हा विषय दोन मिनिटांत उरकण्यासारखा नाही. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मामांनी व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो खरा आहे. पांढरा कोट घालून, पाटी धरून उभी आहे ती मीच. पाटीवर लिहिलंय, ‘दवाखान्यांवर बॉम्ब नको’. आमच्या मेडिकलच्या विद्यार्थ्यांच्या गटाने रीतसर परवानगी काढली होती, रस्ता अडवला नव्हता, घोषणाही दिल्या नव्हत्या. अर्धा तास गप्प उभे राहिलो आणि ओपीडीला गेलो. त्यावरून मला कुणी काढून टाकणार नाही, की परीक्षेत अडवणार नाही. आई, ही काळजी आधी डोक्यातून काढ.

पाटीमागची गोष्ट थोडक्यात सांगते. 2015 च्या ऑक्टोबरात अफगाणिस्तानात कुंदुझला ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेच्या दवाखान्यावर अमेरिकी विमानाने हल्ला केला. 42 माणसं गेली, त्यात रुग्ण होते, नर्स होत्या, डॉक्टर होते. पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने दवाखान्यांना आणि डॉक्टरांना हात लावायचा नाही असा ठराव केला. तरीही गाझात, सुदानात, युक्रेनमध्ये दवाखाने पडतच राहिले. मी रोज ज्या इमारतीत शिरते तसलीच ती इमारत असते, आत तसलीच माणसं असतात. म्हणून मी उभी राहिले, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा राहीन.

पण अण्णा, तुमचा खरा प्रश्न वेगळा होता. “आपल्या गावात सुई टोचायला माणूस नाही अन् तुला जगाची पडलीय व्हय?” हा प्रश्न मला टोचला, कारण तो रास्त आहे. गावच्या उपकेंद्राचं कुलूप मीही लहानपणापासून बघते आहे. त्यामुळे एका माणसाबद्दल सांगते, मग तुम्हीच ठरवा.

आमच्याकडे सध्या डोंगरपट्ट्यातला एक ऊसतोड कामगार दाखल आहे. त्याला नेहमीच्या औषधांना दाद न देणारा टीबी झालाय. त्याला आम्ही बेडाक्विलिन नावाची गोळी देतो, सोबत आणखी तीन औषधं. ही छोटी पांढरी गोळी पहिले दोन आठवडे रोज चार, मग आठवड्यातून तीनदा दोन-दोन घ्यायची असते. तिने हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो, म्हणून मधून मधून ईसीजी काढावा लागतो. त्याच्या बरगड्या इतक्या वर आल्यात की ईसीजीची चिकटपट्टी नीट बसत नाही, बोटाने दाबून धरावी लागते. त्याची बायको गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या फेकत नाही. बिस्किटाच्या पुड्यात घालून उशाखाली ठेवते आणि राउंडच्या वेळी एकेक काढून मोजून दाखवते. बहुतेकांचा हा उपचार सहा महिन्यांत संपतो. पूर्वी दीड-दोन वर्षं चालायचा, त्यात कितीतरी महिने रोज इंजेक्शन असायचं, आणि त्या इंजेक्शनने अनेकांचे कान कायमचे जायचे.

ही गोळी आपल्यापर्यंत पोचण्यात दोन तरुण मुलींचा वाटा आहे. एक मुंबईची नंदिता वेंकटेशन, दुसरी दक्षिण आफ्रिकेची फुमेझा तिसिले. दोघींना टीबी झाला, दोघी बऱ्या झाल्या, पण औषधाने दोघींचीही श्रवणशक्ती गेली. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीकडे या गोळीचं मूळ पेटंट होतं, ते जुलै 2023 मध्ये संपणार होतं. कंपनीने त्याच औषधाच्या क्षाराच्या रूपावर दुसरं पेटंट मागितलं. ते मिळालं असतं तर भारतात 2027 पर्यंत दुसऱ्या कुणाला ही गोळी बनवता आली नसती. आपल्या कायद्यात पेटंट मिळण्याआधीच कुणालाही हरकत घेता येते. या दोघींनी 2019 मध्ये ती घेतली, आणि मार्च 2023 मध्ये आपल्या पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. तुम्ही म्हणाल, टीबीचं औषध तर सरकार फुकट देतं. देतं, पण सरकारलाही ते विकतच घ्यावं लागतं, आणि महाग असलं की मोजक्यांच्याच वाट्याला येतं. त्या बाईच्या बिस्किटाच्या पुड्यात आफ्रिकेतल्या एका मुलीचीही मेहनत आहे, अण्णा.

असंच आधी एड्सच्या औषधाचं झालं होतं. 2000 च्या सुमारास वर्षभराच्या औषधाला माणशी दहा हजार डॉलरांच्या वर पैसे पडायचे. आफ्रिकेत माणसं मरत होती आणि त्यातल्या एका औषधाचं पेटंट अमेरिकेतल्या येल विद्यापीठाकडे होतं. 2001 मध्ये तिथल्याच विद्यार्थ्यांनी आपल्या विद्यापीठाला जाब विचारला. ज्या प्राध्यापकाने ते औषध एड्सवर चालतं हे शोधलं, ते विल्यम प्रुसॉफही उघडपणे विद्यार्थ्यांच्या बाजूने उभे राहिले. काही आठवड्यांत औषध विकणाऱ्या कंपनीने दक्षिण आफ्रिकेत पेटंटचा हक्क न बजावण्याचं मान्य केलं. त्याच वर्षी आपल्या मुंबईच्या सिप्लाने तीन औषधांचा वर्षाचा डोस 350 डॉलरांत देऊ केला. येलच्या त्या पोरांनी पुढे इतर विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांना जोडून संघटना उभी केली. आमचा गट त्यांच्यामानाने फार लहान आहे. पण विद्यापीठात सरकारच्या म्हणजे लोकांच्या पैशातून जे संशोधन होतं, त्याचं औषध लोकांना परवडलंच पाहिजे, हे म्हणायचा हक्क अंबाजोगाईच्या विद्यार्थ्यालाही तेवढाच आहे असं मला मनापासून वाटतं.

आणि अण्णा, हे तुम्हाला मी काय सांगायचं? 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा तुम्ही गावातून भाकरी गोळा करून ट्रकने गेला होतात. तिथे कुठकुठल्या कॉलेजांची पोरं ढिगारे उपसत होती, त्यांना आपली भाषासुद्धा धड येत नव्हती, हे तुमच्याच तोंडून ऐकत मी मोठी झाले. त्यांच्याही गावात अडचणी असतीलच की. त्यांच्या घरच्यांनी “लातूरचं तुला काय पडलंय” म्हणून त्यांना घरी बसवलं असतं तर तुम्हाला कसं वाटलं असतं?

आईची भीती निराळी आहे हे मला माहीत आहे. तू फोन हातात घेतला नाहीस, पण मागून विचारत होतीस, “ती तिकडं लढाईत जायची म्हणती का?” आई, सध्या तसा काही विचार नाही. पण कधीच जाणार नाही असं वचनही मी देत नाही, तुझ्याशी खोटं बोलवत नाही. आपल्या शेजारच्या सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये चार डॉक्टरांबरोबर चीनला गेले, तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. तिथल्या जखमींची सेवा करत 1942 मध्ये तिथेच गेले. त्यांच्या आईलाही तुझ्यासारखंच वाटलं असेल, आणि ते काही चुकीचं नव्हतं.

आता गावाबद्दल. गेल्या वर्षापासून आमच्या गटाने एक काम अंगावर घेतलंय, आणि माझ्या लेखी पाटीपेक्षा ते मोठं आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. टीबीचं औषध चालू असलेला माणूस मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल घेऊन बसलेला असतो, त्यामुळे तो थांबू शकत नाही. कारखान्यावर पोचला की कोपीत राहतो, दवाखाना कुठे आहे माहीत नसतं, आठवड्याभरात औषध सुटतं आणि साधा टीबी बिघडतो. खरं तर प्रत्येक रुग्णाला सरकारी टीबी नोंदणीचा निक्षय क्रमांक असतो, त्यावर देशात कुठेही सरकारी दवाखान्यात पुढचं औषध मिळतं. नोव्हेंबर 2024 पासून आहारासाठी महिन्याला हजार रुपयेही खात्यावर येतात. हे टोळीतल्या कितीतरी जणांना कुणी समजावून सांगितलेलंच नसतं. टोळ्या निघण्याआधी आम्ही त्यांना गाठून तो क्रमांक मोठ्या अक्षरात लिहून देतो, शक्य झालं तर औषध सोबत मिळवून देतो. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांना यादी पाठवतो, मग तिकडची पोरं फडावर जाऊन माणूस शोधतात. कधी सापडतो, कधी टोळीच दुसऱ्या कारखान्याला गेलेली असते.

आई, बायकांसाठी वेगळं बसावं लागतं. 2019 मध्ये सरकारी समितीच्या पाहणीत आपल्या बीड जिल्ह्यातल्या 82 हजारांवर ऊसतोड बायकांपैकी 13 हजारांहून जास्त जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली निघाली. पुष्कळ जणी चाळिशीच्याही आतल्या. अंगावर पांढरं जातं, कंबर दुखते, पाळीच्या दिवसांत कामात खाडा पडला की दंड भरावा लागतो, म्हणून ‘एकदाची काढून टाका’ असं होतं. पुरुषांसमोर यातलं एक अक्षर त्या बोलत नाहीत. आमच्या गटातल्या मुली नुसत्या त्यांच्याजवळ जाऊन बसल्या, तर तासाभराने एक-एक जण बोलायला लागते. ऑपरेशनच्या आधी दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं, सरकारी दवाखान्यात तपासून घ्यायचं, एवढंच आम्ही सांगतो. यातल्या दोघी तर तुझ्या माहेरच्या बाजूच्या निघाल्या.

तर अण्णा, तुमच्याकडे एक काम आहे. घटस्थापनेच्या आधी एक संध्याकाळ आम्हाला गावात हवी आहे. तुम्ही दोन्ही मुकादमांशी आधी बोलून ठेवा, तुमचा शब्द ते मोडत नाहीत. आम्ही कुणाला कामावर जाऊ नका म्हणणार नाही, हे त्यांना स्पष्ट सांगा. मारुतीच्या पारावर लाइटची सोय करा, सातनंतर ठेवा म्हणजे माणसं रानातून आलेली असतील. दोन आठवड्यांच्या वर खोकला असणाऱ्यांची नावं आशाताईंकडून घेऊन ठेवा, बेडका तपासायच्या डब्या आम्ही घेऊन येतो. आपल्या वस्तीवरचा सालगडी आधी, त्याचा खोकला मी पोळ्याला आले तेव्हा ऐकलाय. तो नाही म्हणेल, त्याचं ऐकू नका.

आई, बायकांसाठी तुझं माजघर दे आणि दार लावून घेता येईल असं बघ. जेवायला किती जण ते आदल्या दिवशी फोनवर कळवते. एकटी भाकरी थापत बसू नकोस, आम्ही पोरी आल्यावर करू.

तुमची लेक