मुखवटा परत करण्याआधी

चिपळूण,
माघ पौर्णिमा

प्रिय वसंता,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीत आलेल्या तुझ्या पत्राला अजून उत्तर धाडले नाही, याची रुखरुख आहेच. पण आज लिहायला बसलो तो एक कबुली देण्यासाठी. तुझ्याकडे आलो होतो तेव्हा हॉलिवूडच्या त्या कलावंतांच्या नावांचे तारे बसवलेल्या फुटपाथवर, लोन रेंजर या मुखवटाधारी नायकाचे काम करणाऱ्या क्लेटन मूर या नटावरून आपण जे भांडलो, त्यात तुझे बरोबर होते आणि माझे चुकले होते. प्रकृती ठीक, गुडघे तेवढे दुखतात.

गेल्या रविवारी गावकीच्या सभेत ठरले, की यंदाच्या शिमग्यात संकासुराचे सोंग खालच्या वाडीतल्या एका तरुण मुलाने घ्यायचे. एकतीस वर्षे ते मी घेतले. मुखवटा गावाचा, निर्णय गावाचा, मुलगाही गुणी. कोणी उणा शब्द बोलले नाही. तरी रात्री ट्रंक उघडून ती काळी टोकदार टोपी मांडीवर घेतली, तेव्हा आतून, कपाळ टेकते त्या जागी, घामाने पडलेला पांढुरका पट्टा दिसला आणि मला मूर आठवला.

त्या दिवशी मी तावातावाने तुला सांगितले होते, की लोन रेंजर १९३३ साली डेट्रॉइटच्या रेडिओवर जन्मला, तेव्हा मूर हा शिकागोचा, झुल्यावरच्या कसरती शिकलेला अठरा वर्षांचा पोरगा होता. पात्र त्याने निर्माण केले नाही, मग मुखवट्यावर त्याचा हक्क कसला? १९४९ साली टीव्हीवर मालिका सुरू झाली, मध्ये त्याला बाजूला करून ५२ भाग जॉन हार्टने केले, म्हणजे माणूस बदलता येतो, हाही माझाच मुद्दा. तू एवढेच म्हणालास, की मग त्याला १९५४ साली परत का बोलावले? मी उत्तर न देता विषय बदलला. (वहिनी म्हणाल्या होत्या, ‘आणखी थोडा वेळ भांडलात, तर तुमचाही तारा इथेच बसवतील.’)

वसंता, मालिका १९५७ मध्ये संपली आणि पुढच्या वर्षीच्या चित्रपटानंतर रुपेरी पडद्यावरचे त्याचे काम जवळजवळ थांबले. दुसरा कोणी नवी भूमिका शोधत फिरला असता. हा मात्र पुढची चाळीसएक वर्षे तोच पोशाख घालून जत्रांमध्ये, दुकानांच्या उद्घाटनांना, आजारी मुलांना भेटायला इस्पितळांत जात राहिला आणि त्या रेंजरच्या सचोटीने आपण जगले पाहिजे, असे मानत राहिला. मी तेव्हा याला हट्ट म्हटले होते. ते हट्ट नव्हते. एखादे सोंग इतकी वर्षे अंगावर वागवले, की ते उतरवल्यावरही चालण्याबोलण्यात उरते, हे मला या आठवड्यात कळले.

१९७९ साली लोन रेंजरचे हक्क असलेल्या रॅदर कंपनीने कोर्टातून मनाई आणली, की त्याने चारचौघांत मुखवटा घालायचा नाही. त्यांना नव्या नटाला घेऊन नवा चित्रपट काढायचा होता. मूर पासष्टीला आलेला. त्याच वर्षी त्याच्या जोडीदाराचा, मालिकेत रेंजरचा साथी टोंटो झालेल्या, मोहॉक या तिथल्या मूळ रहिवासी जमातीच्या जे सिल्व्हरहील्सचा, त्या फुटपाथवर तारा बसला आणि पुढच्या मार्चमध्ये तो गेलाही. मूरने काय केले? डोळे झाकणारा मोठा काळा गॉगल चढवला, टोपी तीच ठेवली आणि लोकांसमोर जातच राहिला. १९८१ चा तो चित्रपट सपशेल पडला; १९८४ मध्ये कंपनीने माघार घेतली आणि मुखवटा त्याच्या चेहऱ्यावर परत आला. दोन वर्षांनी त्याची पत्नी सॅली वारली, चाळीसहून अधिक वर्षांचा संसार. १९८७ मध्ये तारा मिळाला, त्यावर त्याच्या नावाशेजारी ‘लोन रेंजर’ही कोरले आहे, तू बोट ठेवून दाखवलेस, तेव्हा मी नीट वाकूनही पाहिले नाही. १९९९ च्या डिसेंबरअखेर, पंच्याऐंशीव्या वर्षी, हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला.

माझे गाव म्हणजे कंपनी नव्हे आणि मला कोर्टात जायचे नाही. नवा मुलगा नाचलाच पाहिजे. मलाही चाळिशीच्या आत ते सोंग एका म्हाताऱ्या हातातून मिळाले, आणि त्या हाताला काय वाटले असेल, हे मी कधी विचारले नाही. मला छळतो तो प्रश्न निराळा आहे. काल बाजारात चार वर्षांच्या एका पोराने आईच्या पदराआडून ‘संकासुर!’ म्हणून हाक मारली, आणि मी सवयीने दोन्ही हात वर करून त्याच्याकडे धावलो. ते पोर किंचाळले, मग खुदखुदले. घरी येईपर्यंत मी स्वतःला विचारत होतो, की यापुढे ही ओ देण्याचा मला अधिकार आहे का? मूरने गॉगल लावून ओ दिली. मी काय लावू?

नातवाच्या बारशाचे फोटो पोचले, नाव सुरेख आहे. तुझ्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेचे काय झाले ते कळव, वहिनींना नमस्कार.

पालखी बाहेर पडायच्या आदल्या दिवशी मुखवटा मानकऱ्यांच्या हाती द्यायचा आहे. घुंगरू मी घासून ठेवले, कापसाची दाढी नवी केली. कपाळाचा तो पट्टा धुवावा की तसाच राहू द्यावा, एवढे मात्र ठरत नाही. त्याआधी फोन कर.

तुझा,
माधव